क्लचची नाडीपरीक्षा

मुंबईहून भुसावळमार्गें नागपूरकडे जाणारी आगगाडी मलकापूर सोडून पुढें निघाली म्हणजे जलंबच्या अलीकडे नांदुरा स्टेशन लागतें. गांव ज्ञानगंगेच्या कांठीं, काळ्या जमिनीच्या व कापसाच्या मुलखांत वसलेलें. आजचा प्रवासी त्याला ओळखतो तो बहुधा हमरस्त्याशेजारीं उभ्या असलेल्या 105 फूट उंचीच्या मारुतिरायामुळें. परंतु मोटार हांकणाराच्या दृष्टीनें या गांवाचें स्थान निराळ्या कारणानें लक्षांत घेण्याजोगें आहे. जुन्या वऱ्हाडाचे लोक पूर्वींपासून दोन भाग मानीत आले, खालचा पायनघाट आणि वरचा बालाघाट. नांदुरा पायनघाटांत, बुलढाणें, चिखली, मेहकर हीं गांवें बालाघाटावर. लोहमार्ग 1867 सालीं नागपुरास पोंचला, 1870 सालीं जलंबहून खामगांवास त्याचा फांटा गेला; पण जिल्ह्याचें मुख्य ठिकाण असलेलें बुलढाणें मात्र आजतागायत रेल्वेवांचूनच राहिलें. रेल्वेच्या कांठच्या गांवांतून वर जावयाचें तर मोताळ्यावरून राजूरचा घाट चढणें भाग. आधीं मैलोगणती सपाटी आणि मग एकाएकीं चढ, असा हा रस्ता. अशा रस्त्यावर मोटारीच्या एका लहानशा अवयवाची खरी कसोटी लागते. तो अवयव म्हणजे क्लच.

पेट्रोलच्या इंजिनाला स्वस्थ उभें राहणें ठाऊक नाहीं. बैल मानेवर जूं घेऊन वाटेल तितका वेळ थांबतो. आगगाडीचें वाफेचें इंजिन चाकांना जखडलेलें असूनही फलाटाशीं निमूट उभें असतें, आणि वाफ सोडतांच पहिल्या हिसक्यासच आपलें सारें बळ देतें. पेट्रोलचें इंजिन मिनिटाला कांहींशें फेऱ्या घेत असेल तरच जिवंत; त्याहून वेग खालीं गेला कीं तें गुदमरून बंद पडतें. गाडीचीं चाकें तर आरंभीं अगदीं निश्चल. फिरतें इंजिन आणि स्थिर चाकें यांची सोयरीक एकदम जुळवूं गेल्यास एक तर इंजिन मरतें, नाहीं तर गाडी उडी मारते. ही गांठ क्षणभर सैल ठेवून, थोडें घसरूं देऊन, मग घट्ट मारावयाची, एवढेंच क्लचचें काम. घसरणें हा त्याचा धर्म आणि घसरणें हाच त्याचा रोग! म्हणूनच त्याचें निदान इतर भागांच्या निदानाहून नाजूक ठरतें. मोडलेला दांडा मोडलेला दिसतो. पण क्लच गाडीच्या पोटांत, इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्यें झांकलेला असतो, आणि तो पाहावयाचा म्हणजे सबंध गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यामुळें न उघडतां दुखणें ओळखण्याची एक विद्या मोटारीच्या जन्माबरोबरच जन्मास आली. पायानें, कानानें व नाकानें करावयाची ही नाडीपरीक्षाच होय.

या विद्येचा धडा कापसाच्या मुलखाला मोटारीपूर्वींच मिळालेला होता. जिनिंग कारखान्यांत एकाच इंजिनावर एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका जिनावर उतरत. जिन थांबवावयाचा झाला म्हणून कांहीं कारखान्याचें इंजिन थांबवीत नसत. जिनाच्या दांड्यावर दोन पुल्या शेजारीं शेजारीं असत, एक दांड्याला पक्की बसवलेली व दुसरी मोकळी फिरणारी. लांकडी दांडक्यानें पट्टा पक्कीवरून मोकळीवर सरकवला कीं जिन उभा राही. परत सरकवला कीं चालूं लागे. पट्टा घसरूं लागला तर त्यावर राळ टाकीत. कोरडा पडून चिरूं लागला तर एरंडेल चोळीत. कार्ल बेंझ यानें 1886 सालीं आपली तीन चाकी मोटार जगापुढें मांडली, तेव्हां तिच्यांतही इंजिनापासून चाकांकडे जाणारा चामडी पट्टा याच रीतीनें मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवण्याची योजना होती. म्हणजे जगांतील पहिल्या मोटारीचा क्लच वऱ्हाडांतल्या कोणत्याही जिनवाल्यानें पाहतांक्षणीं ओळखला असता.

पुढें पट्टा गेला आणि चामडें राहिलें. फ्रान्समध्यें लेव्हासोर यानें 1891 च्या सुमारास इंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें गिअर आणि शेवटीं मागचीं चाकें अशी जी रचना केली तीच पुढें जगभर रूढ झाली. त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. इंजिनाच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, आंतून उतरता खळगा; त्यांत बसणारा दुसरा शंकु; त्याच्या कडेवर चामड्याचें कातडें ठोकलेलें; आणि मागून रेटणारी एक दणकट स्प्रिंग. एका शिसवी उखळींत दुसरी उखळ घट्ट बसावी तसा हा प्रकार. रोल्स-रॉइसच्या प्रसिद्ध सिल्व्हर घोस्ट गाडींतही चामडी शंकूचाच क्लच होता, आणि हिंदी संस्थानिकांच्या पागांतून या गाड्या पुष्कळ आल्या.

चामड्याच्या क्लचचीं दुखणीं दोन, आणि तीं चामड्याचींच. इंजिनाचें तेल उडून कातड्यावर बसलें म्हणजे क्लच घसरे. इंजिन ओरडे पण गाडी चढ चढेना. उलट उन्हाळ्यांत कातडें वाळून कडक झालें म्हणजे क्लच असा एकदम धरी कीं बसलेल्या मंडळींचे कपाळमोक्ष व्हावेत. पहिल्या दुखण्यावर मुलतानी माती. हिलाच इंग्रज लोक लोकर धुण्यासाठीं वापरीत. ती चिमूटभर शंकूवर टाकली कीं तेल शोषून घेई आणि गाडी घरापर्यंत पोंचे. दुसऱ्या दुखण्यावर गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलें तेल किंवा एरंडेल. रात्रीं क्लच दाबून, पेडलला टेकू देऊन, कातड्याला तें पाजावयाचें. ज्या घरांत मुलांच्या पोटासाठीं एरंडेल व न्हाण्यासाठीं मुलतानी माती होती, त्या घरांत मोटारीचा औषधाचा बटवा आयताच होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र येथेंच चुकीच्या निदानाचा पहिला धोका होता. घसरणाऱ्या क्लचला तेल पाजलें तर तो अधिकच घसरे, आणि झटके देणाऱ्या कोरड्या क्लचवर माती टाकली तर कातडें फाटे. औषधें दोन्ही घरचीं. पण कोणतें कशाला हें ओळखणें हीच विद्या.

नाकाचा उपयोगही याच काळांत रूढ झाला. घाटांत फार वेळ घसरूं दिलेलें चामडें करपतें, आणि करपलेल्या चामड्याचा वास एकदां घेतलेला माणूस तो विसरत नाहीं. तो वास आला कीं गाडी थांबवून क्लच थंड होऊं द्यावयाचा. पुढें रेटल्यास कातडें काळें पडून त्याची पकड कायमची जाई.

यानंतर फोर्डचें प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ आलें. 1908 पासून 1927 पर्यंत या एकाच नमुन्याच्या दीड कोटीच्या घरांत गाड्या निघाल्या. तिच्यांत पायाखालीं तीन पेडलें. पण त्यांचें काम आजच्यासारखें नव्हे. डावें पेडल पूर्ण दाबलें कीं पहिला गिअर, अर्धें सोडलें कीं गाडी मोकळी, पूर्ण सोडलें कीं वरचा गिअर. मधलें पेडल मागें जाण्याचें, उजवें ब्रेकचें. आंत ढोलांभोवतीं पट्टे आवळले जात व त्या पट्ट्यांना सुती विणकामाचें अस्तर असे. कापसाच्या मुलखांत कापसाच्याच बळावर घाट चढणारी गाडी! वरच्या गिअरचा क्लच निराळा. तेलांत बुडालेल्या पोलादी चकत्यांची ती एक चवड असे.

या गाडीनें निदानाची नवी भाषा शिकविली. चढावर पहिल्या गिअरांत ती दम टाकूं लागली तर दोष पहिल्या पट्ट्याच्या सैलपणांत. तो बाहेरच्या एका स्क्रूनें आवळतां येई. सपाटीवर वरच्या गिअरांत घसरली तर दोष चकत्यांत. आणि थंडीच्या सकाळीं हॅंडल मारतांच ती मालकाच्या अंगावर हळूहळू चालून येऊं लागली तर दोष कोणांतच नाहीं. तेल थिजून चकत्या एकमेकींस चिकटल्या, इतकेंच. त्यावर उपाय म्हणून मागचें एक चाक जॅकवर उचलून गाडी सुरू करीत. तीव्र चढावर ही गाडी उलटी, म्हणजे मागें तोंड करून, चढविण्याची युक्ति तर जगभर चालली. पेट्रोलची टांकी इंजिनाहून फारशी उंच नसल्यामुळें चढावर पेट्रोल पुढें वाहत नसे. शिवाय मागें जाण्याचा गिअर पहिल्याहून अधिक जोरकस, आणि त्याचा पट्टा कमी वापरांतला म्हणून धड असे. गाडी उलटी चढते आहे हें पाहून हंसणाऱ्यांना त्यांत तीन प्रकारचें ज्ञान दडलें आहे याची कल्पना नसे.

फोर्ड कंपनीनें 1926 सालीं मुंबईस आपली शाखा काढली आणि जनरल मोटर्सनें 1928 सालीं शिवडीस गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. तेथून शेव्हरोलेच्या लॉऱ्या व सर्व्हिस मोटारी देशांतील जिल्ह्यांजिल्ह्यांतून पसरल्या. या गाड्यांतला क्लच आजच्या क्लचचा सख्खा पूर्वज होय. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या कैचींत एक गोल तबकडी दाबून धरलेली, आणि तबकडीच्या दोन्ही बाजूंस ज्याला कारागीर लायनिंग म्हणतात तें अस्तर. चामडें करपे, सूत जळे. म्हणून या अस्तराला न जळणारा धागा हवा होता. इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यानें 1897 पासून ब्रेकचीं अस्तरें करण्याचा उद्योग चालविला होता. पहिल्यानें केस व सूत वापरून आणि पुढें ॲस्बेस्टॉस या खनिज तंतूचा उपयोग करून. या तंतूनें क्लचला घाट चढण्याचें बळ दिलें. त्याची किंमत कोणी दिली हें पुढें येईल.

या कोरड्या प्लेटीच्या क्लचचें निदान हा या विद्येचा परिपाक म्हटला पाहिजे. जुनी हिंदुस्थान, फियाट, शेव्हरोले किंवा जीप ज्या घरीं अजून जपून ठेवलेली आहे त्या घरीं ती आजही जशीच्या तशी उपयोगी पडते.

समजा, एखादी जुनी गाडी नांदुऱ्याहून निघून मोताळ्यापर्यंत सुरळीत आली, आणि राजूरच्या घाटांत वरच्या गिअरांत इंजिनाचा आवाज चढला पण गाडीचा वेग चढेना. हें घसरणें. सपाटीवर तें लपून राहिलें होतें, कारण तेथें ओढ कमी. पहिली परीक्षा पेडलाची, आणि ती पायानें नव्हे तर हातानें करावयाची. पेडल बोटांनीं हलकेंच दाबलें असतां पहिला इंचभर तें मोकळें गेलें पाहिजे. त्यानंतर स्प्रिंगांचा विरोध लागला पाहिजे. हा मोकळेपणा नाहींसा झाला असेल तर प्रेशर प्लेट अर्धवट दाबलेलीच राहते, आणि क्लच आपण होऊनच घसरतो. येथें एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अस्तर झिजलें म्हणजे पेडल सैल पडेल असें सामान्य माणसाला वाटतें. वस्तुतः उलट घडतें. अस्तर पातळ झालें कीं प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, तिच्या तरफांचीं आंतलीं टोकें मागें येऊन बेअरिंगला टेकतात, आणि पेडलाचा मोकळेपणा दिवसेंदिवस खुंटत जातो. म्हणून पेडलाखालच्या दांड्यावरची चाकी फिरवून तो मोकळेपणा परत दिला कीं कित्येक गाड्यांचा क्लच बरा होतो. गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाहीं. घाईनें सबंध क्लच उतरविणारा कारागीर मालकाचा पैसा फुकट घालवितो आणि शिवाय धड चाललेल्या यंत्रांत नवे दोष घुसवितो.

मोकळेपणा ठीक असूनही संशय राहिला तर दुसरी परीक्षा. गाडी सपाट जागीं, पुढें कोणी उभें नाहीं असें पाहून, हातब्रेक पक्का ओढावा. वरचा गिअर घालावा. इंजिनाला थोडा वेग देऊन क्लच सावकाश सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन तत्काळ दबून बंद पडतें. तें फिरतच राहिलें तर अस्तर संपलें आहे, किंवा त्यावर तेल आलें आहे, किंवा स्प्रिंगा तापून मेल्या आहेत. ही परीक्षा एकदांच करावी; वारंवार केल्यास परीक्षेनेंच रोगी मरतो. अस्तर जळाल्याचा उग्र वास आला तर मागचा इतिहास विचारावा. पुष्कळ हांकणारांना डावा पाय सदैव पेडलावर ठेवण्याची संवय असते, किंवा घाटांत गाडी थांबली असतां ब्रेकऐवजीं अर्ध्या क्लचवर तोलून धरण्याची. अशा ठिकाणीं नवी प्लेट घालणें म्हणजे आजार तसाच ठेवून पथ्य न सांगणें होय.

दुसरें दुखणें याच्या उलट. क्लच दाबला तरी सुटत नाहीं. गिअर घालतांना खरखर होते, मागचा गिअर तर किंकाळी फोडतो. जुन्या काळीं याचें निदान कठीण होतें. कॅडिलॅक गाडींत 1928 सालीं सिंक्रोमेश आला, त्यापूर्वींच्या गिअरबॉक्समध्यें हांकणाराचा हात चुकला तरीही तस्साच आवाज होई. दोष माणसाचा कीं यंत्राचा, हें ठरविण्यासाठीं जुने कारागीर घाई करीत नसत. इंजिन मंद चालूं ठेवून, क्लच पूर्ण दाबून, सावकाश दहा अंक मोजावयाचे आणि मग मागचा गिअर घालावयाचा. क्लच खरोखर सुटला असेल तर एवढ्या वेळांत आंतील चक्रें थांबतात व गिअर मुकाट्यानें बसतो. तरीही खरखर झाली तर प्लेट इंजिनाबरोबर ओढली जात आहे. त्याचीं कारणें कित्येक. पेडलाचा मोकळेपणा फार वाढलेला असेल. प्लेट वांकडी झालेली असेल. ज्या दांतेरी दांड्यावर ती पुढेंमागें सरकते त्यावर गंज चढलेला असेल. किंवा फ्लायव्हीलच्या मध्यावर दांड्याचें टोक जेथें टेकतें तें लहानसें बुश अडकलेलें असेल. यांतील पहिलें कारण पेडलाशीं मिटतें. उरलेल्या तिहींसाठीं मात्र गाडी उघडावीच लागते. हा भेद आधीं करणें यांतच खरी काटकसर आहे.

तिसरें दुखणें थरथरीचें. गाडी निघतांना सारें अंग हिंवतापाच्या रोग्यासारखें कांपतें, आणि एकदां वेग घेतला कीं कांहींच नाहीं. याचा दोष लोक क्लचवर ढकलतात, व तो कित्येकदां निर्दोष असतो. आरंभींच्या गाड्यांत इंजिन चौकटीला घट्ट बोल्टांनीं आवळलेलें असे. 1931 सालीं प्लिमथ गाडीनें तें रबराच्या गाद्यांवर तोलण्याची पद्धति गाजविली आणि सर्वांनीं ती उचलली. प्रवाशांना आराम मिळाला; पण रबर तेलानें फुगून मऊ झालें म्हणजे क्लच धरतांच इंजिन गादीवर डोलूं लागतें, आणि तें डोलणें थरथरीसारखें जाणवतें. म्हणून थरथर दिसली कीं आधीं बॉनेट उघडून, दुसऱ्याला गाडी जरा पुढें व मग जरा मागें घेण्यास सांगून, इंजिन किती झोंके खातें तें बाजूस उभें राहून पाहावें. तें स्थिर असेल तर मग अस्तरावरच्या तेलाचा संशय धरावा. मॉरिसच्या वंशांतील गाड्यांत, आणि म्हणून आपल्या हिंदुस्थान गाड्यांतही, क्लचच्या कवचाला खालीं एक लहान भोंक असून त्यांत एक दुमडलेली पिन लोंबत असते. ती हलवून पाहावी. तेथून तेल ठिबकत असेल तर तें बोटावर घेऊन हुंगावें. काळें व पातळ असेल तर इंजिनाचें. दाट व गंधकासारखा दर्प असेल तर गिअरबॉक्सचें. चार आण्यांची पिन सबंध गिअरबॉक्सच्या पोटांतील बातमी बाहेर आणते.

उरला आवाज. त्याचा नियम सोपा आहे व जवळजवळ कधीं चुकत नाहीं. पेडल दाबतांच कुरकुर सुरू झाली तर दाबणारें बेअरिंग गेलें. इंग्रजी गाड्यांत तें पुष्कळदां कोळशाच्या कड्याचें असतें आणि झिजून धातूवर धातु घासूं लागते. पेडल सोडलेलें असतांना घरघर, आणि दाबतांच शांत, असें झालें तर क्लच निरपराध. दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. नुसत्या कानानें इतका निवाडा होतो.

दुसऱ्या महायुद्धांत या विद्येची कठोर परीक्षा झाली. 1941 सालीं पेट्रोलचें रेशनिंग आलें आणि देशभर सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर लांकडी कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशाच्या वायूवर इंजिनाचें बळ बरेंच घटे, चढावर सदैव खालचा गिअर लागे आणि निघतांना क्लच फार वेळ घसरूं द्यावा लागे. नवीं अस्तरें मिळणें दुरापास्त. जुन्या प्लेटीवर रिबिटांनीं दुसरें अस्तर ठोकून दिवस काढावे लागले. युद्धानंतर लष्करी लॉऱ्या व जीपगाड्या लिलांवांत निघाल्या. 1942 सालीं स्थापन झालेली हिंदुस्थान मोटर्स आणि 1944 सालीं वालचंद हिराचंद यांनीं मुंबईस काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स यांच्या गाड्या पुढें रस्त्यावर आल्या. अँबॅसडर 1957 पासून 2014 पर्यंत निघत राहिली. तिच्या क्लचला दांड्याऐवजीं तेलाचा दाब आला, आणि निदानांत एका पायरीची भर पडली. पेडल एकदां दाबून गिअर पडेना, पण भराभर दोनतीनदां दाबल्यावर पडला, तर नळींत हवा शिरली किंवा रबरी वाटी गळली असें समजावें. आरंभीच्या अशा तेलांत एरंडेलाचाच अंश असे. त्याच्या जागीं इंजिनाचें तेल ओतणाराची रबरें फुगून बसलीं, हें निराळें सांगावयास नको.

आतां त्या न जळणाऱ्या तंतूचा हिशेब. क्लच उघडला कीं कवचांत काळसर राखाडी धूळ सांचलेली दिसते. कारागिरांनीं ती पिढ्यानपिढ्या तोंडानें फुंकली, पुढें हवेच्या नळीनें उडविली, आणि तेच कपडे अंगावर घेऊन ते घरीं गेले. ती धूळ झिजलेल्या ॲस्बेस्टॉसची होती. 1924 सालीं डॉक्टर कुक यांनीं इंग्लंडांतील रॉचडेलच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यांत काम करून फुप्फुसें निकामी झालेल्या स्त्रीचा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें छापला. 1931 सालीं तेथें नियम झाले, पण ते कारखान्यांपुरते. गॅरेजांतला माणूस त्यांत कोणी धरला नाहीं. हा रोग श्वासाबरोबर शिरून वीस, तीस, कधीं चाळीस वर्षांनीं प्रकट होतो. तोंवर कारण व कार्य यांचा दुवा तुटलेला असतो. घसरणाऱ्या क्लचचा वास दुरून ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोकल्याचें मूळ मात्र कधींच ओळखतां आलें नाहीं. ब्रिटननें 1999 सालीं या खनिजावर पूर्ण बंदी घातली. तरी जुन्या गाडीच्या पोटांतील जुनी प्लेट ती बंदी वाचून बदलत नाहीं. म्हणून ज्या घरीं अशी गाडी असेल तेथें क्लच उघडतांना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी, धूळ कधींही फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी आणि तें फडकें पिशवींत बांधून टाकून द्यावें. मुलांना तर त्या जागीं फिरकूंच देऊं नये. न उघडतां निदान करण्याच्या विद्येचा हा एक लाभ तिच्या जुन्या जाणत्यांच्या ध्यानींमनींही नव्हता.

2021 सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, आणि या गाड्यांना पुन्हा प्रतिष्ठा आली. पण त्या वर्षाचे बहुतेक दिवस उभ्याच असतात, आणि उभ्या गाडीचें दुखणें चालत्या गाडीहून निराळें. पावसाळाभर ओलसर हवेंत उभी राहिली म्हणजे तिची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. दसऱ्याला पूजेसाठीं गाडी बाहेर काढावी तर क्लच दाबूनही सुटत नाहीं, आणि मालक घाबरून प्रेशर प्लेट मोडली असें समजतो. मोडलेलें कांहींच नसतें. इंजिन अर्धा तास चालवून तापवावें. मग तें बंद करून मोकळ्या मैदानांत, पुढें माणूस किंवा जनावर नाहीं असें पाहून, पहिला गिअर घालून, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. गाडी चालूं लागली कीं क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक हलके हलके लावावा. बहुधा एक टणत्कार होऊन प्लेट सुटते. दोनतीन वेळांत न सुटली तर मात्र हट्ट सोडून कारागिराला बोलवावें. आणि पुढच्या मृगाच्या आधीं, गाडी शेडमध्यें लावतांना, पेडल खालीं दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्यें योग्य मापाची एक लांकडी काठी बसवून ठेवावी, म्हणजे प्लेट चार महिने कोणालाच न टेकतां मोकळी राहते.